फुटलो

होंड्याच्या पुढे, खडीच्या क्रशरकडे पाठ करून
आमची शाळा. दोन खोल्या, चार इयत्ता, एक मी.
दुपारी एकला खाणीवरचा भोंगा होतो.
मुलं वहीवरची नजर न काढता
कानांत बोटं घालतात,
मी खडू खाली ठेवते,
आणि मग ते होतं.
गावात त्याला कुणी स्फोट म्हणत नाही.
स्फोट पेपरात होतात.
इथे बायका म्हणतात, फुटलो गे बाय,
आणि भात वाढायला घेतात.

त्या मंगळवारी मी फळ्यावर लिहिलं:
फुटणे. वाक्यात उपयोग करा.
खाली, सवयीनं: अकर्मक.
म्हणजे, मी सांगितलं, करणारा दिसत नाही.
फोडणे वेगळं. नारळ फोडला,
तर तो कुणीतरी फोडला.
नारळ फुटला,
तर सगळे हात झटकून मोकळे.
मागून रुझार: बाई, आमदार फुटतात ते?
तेही अकर्मकच, म्हटलं. लिही.

वह्या आल्या.
वासंती माजिकच्या आठळीला कोंब फुटला.
रुझारच्या फेस्ताला गर्नाल फुटले, दहा, की बारा.
दत्तगुरूला परीक्षेच्या नावानं घाम फुटला,
तो खराच असावा, पानावर बोटं उमटली होती.
एकीच्या काकाला शिंगं फुटली
(लग्नानंतर लगेच, असंही तिनं पुढे लिहिलं).
मोडण्याला आणि उगवण्याला
एकच शब्द पुरवून वापरणारी ही भाषा
काटकसरी की बेफिकीर,
डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

मग सोमलू लमाणी.
घरात लमाणी, खाणीवर कानडी,
बाजारात कोकणी, आणि माझ्याकडे
उरलीसुरली मराठी.
अठरा दिवसांनी शाळेत आला होता.
खाण चारच दिवस बंद होती.

*सुरुंग फुटलो नाही. बाबा बघायला गेले.*

एवढंच. दोन पूर्णविराम,
दोन्ही कागदाच्या आरपार.

पंचनामा मी वाचला होता.
त्याच्या आईला वाचून दाखवायला
दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून.
सुरुंग फुटून मयत.
त्यात ठेकेदार नव्हता, वात कापणारा नव्हता,
जा रे, बघून ये, म्हणणारा नव्हता.
व्याकरणात चूक काढायला
तसूभर जागा नव्हती.

मी लाल पेन उघडलं.
फुटलो, चूक. कोकणीतला ओ
मराठीत आ होतो, हे मी वर्षाला शंभरदा करते:
मात्रा खोडायची, काना ठेवायचा.
पेन टेकलं,
आणि तेव्हा वाचलं, मराठीत, आहे तसं.

फुटलो नाही.

मराठीत हे सुरुंगाला लागत नाही.
मराठीत हे फक्त मी म्हणू शकतो.

समोर सोमलू पेन्सिलीला टोक करत होता,
एकाग्रपणे, गरजेपेक्षा जास्त.
रडला नाही अजून, असं त्याच्या आईनं
त्या दिवशी दारात मला सांगितलं होतं,
म्हणजे, डोळ्यांवरून बोट फिरवून
मान हलवली होती.

मात्रा ठेवली. बरोबरची खूणही
करवेना. पेनचा एक लाल ठिपका
उमटला होता ओच्या डोक्यावर,
तो राहिला.

भोंगा झाला.
सगळ्यांची बोटं कानांत गेली.
सोमलूची गेली नाहीत.
त्यानं हात बाकावर पालथे ठेवले
आणि ओठांनी मोजत राहिला.
सकाळी येताना त्यानं
कड्यातली भोकं मोजली होती, हे मला मागाहून कळलं.
खिडकीची काच थरथरली,
नकाशा खिळ्यावर हलला,
वाळपईकडून पांढरी धूळ उठली.

थोडा वेळ तो तसाच थांबला.
मग म्हणाला,
सगळे फुटले, बाई.

शुद्ध मराठीत.

आणि डबा उघडला.